मूर्च्छित यंत्राचे वाचन

संगणकाच्या कार्यप्रणालीचा गाभा, ज्यास 'कर्नल' म्हणतात, तोच मध्ये निपचित पडला तर दोष कोठे घडला हे कोणास विचारावयाचे? पडद्यावर अक्षर उमटत नाही, कळफलकास प्रतिसाद नाही. दोष शोधणारा प्रोग्राम त्याच यंत्रावर चालवावा, तर त्यास चालविणारा गाभाच मूर्च्छित. निदान शेजारच्या यंत्रावरून करणे भाग पडते.

त्याचा एक विलक्षण मार्ग 'फायरवायर' या जोडणीने मोकळा केला. १९९५ साली 'आयईईई १३९४' या नावाने प्रमाणित झालेल्या या वाहिनीचा नियंत्रक केबलवरून आलेली वाचनाची वा लेखनाची मागणी मुख्य प्रोसेसरला न विचारता स्वतःच पुरी करू शकतो. त्यास तशी मुभा दिलेली असावी आणि पत्ता स्मृतीच्या पहिल्या ४ गिगाबाइटांतील असावा, एवढेच. म्हणून प्रोसेसर थिजला तरी, वीज चालू आहे तोवर, स्मृती वाचता येते. लिनक्सचा गाभा आपले संदेश स्मृतीतील एका राखीव पट्टीत नोंदवीत असतो. 'फायरस्कोप' हा प्रोग्राम दुसऱ्या यंत्रावरून ती नोंदवही वाचतो. २००८ सालच्या २.६.२५ या आवृत्तीत तर यंत्र सुरू होताहोताच नियंत्रक जागा करण्याची सोय झाली, आणि पडदा उजळण्यापूर्वीचे अपघातही वाचनीय झाले.

यास 'डीबगिंग' म्हणतात. 'दोषशोधन' हा प्रतिशब्द मला अपुरा वाटतो, कारण येथे खरे काम वाचनाचे आहे. केबलवरून येतात ते केवळ आकडे. कोणत्या पत्त्यावर कोणते नाव हे सांगणारी 'सिस्टिम मॅप' ही सूची नसेल, तर अवस्था न उलगडलेल्या लिपीतील शिलालेखासारखी: चिन्हे स्वच्छ, अर्थ अप्राप्य. सूचीतील पत्तेही आभासी असतात, वाहिनीस भौतिक लागतात. ३२ बिटांच्या इंटेल यंत्रावरील लिनक्समध्ये सामान्यतः ३ गिगाबाइट वजा केले की ते हाती येतात. शिवाय सूची त्याच गाभ्याची हवी. दुसऱ्या बांधणीची घेतल्यास भलतेच वाचन अर्थपूर्ण भासू लागते, हा अनुभव शिलालेख वाचणाऱ्यांस नवा नाही.

परंतु जे द्वार वैद्यास उघडे, ते चोरासही. २००४ साली मॅक्सिमिलियन डॉर्नसाइफ यांनी फायरवायरने जोडलेल्या एका आयपॉडद्वारे संगणकाची स्मृती वाचून व बदलून दाखविली. परवलीचा शब्द तेथे निरुपयोगी ठरतो. पुढे बाह्य उपकरणांचे पत्ते पडताळणारा 'आयओएमएमयू' हा घटक प्रचारात आला, आणि अलीकडच्या लिनक्समध्ये दूरस्थ दोषशोधनासाठी ही मुभा मुद्दाम द्यावी लागते. फायरवायर आता मागे पडली आहे; तिच्या जागी आलेल्या थंडरबोल्टच्या बाबतीतही हाच वाद चालू आहे.