गळाची काठी आणि दोरी

आमचा नागरा गोंदिया जिल्ह्यात, म्हणजे तलाव-बोड्यांच्या मुलखात. येथे मरळ धरू पाहणाऱ्याने काठी निवडण्याआधी मरळीचा स्वभाव पाहावा. ती पाणगवतात दबा धरते, भक्ष्यावर झडप घालते आणि गळ लागताच पुन्हा गवतात शिरते. तिचा जबडा कठीण असतो. फार लवचीक काठीचा झटका काठी वाकण्यातच संपतो व गळ रुतत नाही. म्हणून भरीव बांबूची, बुडाशी ताठ आणि शेंड्याला थोडी वाकणारी काठी घ्यावी.

दोरीचाही विचार तोच. सुती दोरा पाण्याने कुजत असे. १९३८ साली जाहीर झालेल्या नायलॉनने ती अडचण दूर केली. परंतु नायलॉन ताणले की लांबते आणि झटका तेथेही वाया जातो. गवतात जाड दोरी आखूड सोडावी. मात्र ती काठीपेक्षा कमजोर असावी. तुटलीच तर दोरी तुटावी, काठी नव्हे.

पावसाळ्यात मरळ आपल्या पिलांची राखण करते. तेव्हा तिला ओढले, तर पिले इतर माशांच्या तोंडी जातात. त्या दिवसांत गळ टाकू नये. शिवाय पुष्कळ तलावांचा ठेका ढिवर बांधवांच्या सहकारी संस्थांकडे असतो. तेथील मासळी ही त्यांची मजुरी आहे. आधी त्यांना विचारावे, मगच काठी उचलावी.