किशोरवयातील अतिरिक्त वजन : ‘जीवनशैली’ या शब्दाची तपासणी

उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हाला –
• किशोरवयातील अतिरिक्त वजनामागील जीवनशैलीविषयक कारणे स्पष्ट करता येतील.
• ‘जीवनशैली’ या संज्ञेत गृहीत धरलेला अर्थ तपासता येईल.
• शरीराविषयी बोलताना भाषेची निवड का महत्त्वाची असते, हे सांगता येईल.

प्रास्ताविक

नंदुरबार जिल्ह्याचे नाव वृत्तपत्रात आले की बहुधा त्यापाठोपाठ ‘कुपोषण’ हा शब्द येतो. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात, २०११च्या जनगणनेनुसार, सुमारे ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतील पाड्यांवर बालकांची उपासमार हा अजूनही जिवंत प्रश्न आहे. मग येथे अतिरिक्त वजनाची चर्चा कशासाठी, असे तुम्हाला वाटेल.

शंका रास्त आहे, परंतु तिच्यात एक गृहीतक दडलेले आहे. कृशता आणि स्थूलता या परस्परांपासून फार दूर असलेल्या अवस्था आहेत, असे आपण मानतो. २०१६ ते २०१८ या काळातील राष्ट्रीय सर्वंकष पोषण सर्वेक्षणात देशातील १० ते १९ वयोगटातील सुमारे २४ टक्के मुले-मुली कृश, तर सुमारे ५ टक्के अतिरिक्त वजनाची आढळली. दोन्ही आकडे एकाच देशाचे व एकाच पिढीचे आहेत. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तर असे दाखवून दिले की, आपल्याकडील नवजात बालके वजनाने कमी असली तरी त्यांच्या शरीरातील चरबीचे प्रमाण तुलनेने अधिक असते. गर्भावस्थेत पोषण अपुरे मिळालेल्या मुलाचे वजन पुढे झपाट्याने वाढले, तर मधुमेहासारख्या विकारांचा धोका वाढतो. म्हणजे कालचे कुपोषण आणि उद्याची स्थूलता या एकाच साखळीच्या कड्या असू शकतात. म्हणूनच हा विषय नंदुरबारचाही आहे.

संज्ञेचा विचार

‘शैली’ हा शब्द ‘शील’ या शब्दापासून सिद्ध झाला. शील म्हणजे स्वभाव, अंगवळणी पडलेले वर्तन. साहित्याच्या अभ्यासात मात्र शैली म्हणजे निवड, असा विचार आपण केला आहे : उपलब्ध पर्यायांतून लेखक जे निवडतो, ती त्याची शैली. ‘जीवनशैलीमुळे वजन वाढले’ असे म्हणताना आपण नकळत हा दुसरा अर्थ घेतो आणि सारी जबाबदारी मुलावर टाकतो. पुढील कारणे वाचताना प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारा : येथे निवड कोणाची आहे?

जीवनशैलीतील कारणे

*१. आहार.* ज्वारीची भाकरी, उडदाची डाळ आणि अंबाडीची भाजी हे चावून, सावकाश खाण्याचे अन्न आहे; त्यातील तंतूंमुळे पोट भरल्याची जाणीव वेळेवर होते. पाकीटबंद तळलेले पदार्थ आणि गोड पेये यांत ऊर्जा पुष्कळ असते, पण तृप्ती अल्प. २५० मिलिलिटर शीतपेयात साधारणपणे २५ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे पाच ते सहा चहाचे चमचे साखर असते. शाळेच्या आवारापासून ५० मीटरच्या आत अतिरिक्त मेद, मीठ व साखर असलेले पदार्थ विकू नयेत, असा नियम भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०२० मध्ये केला. तुमच्या गावातील शाळेच्या फाटकापासून पन्नास मीटर चालून पाहा. नियम आणि वास्तव यांतील अंतर तुम्हालाच मोजता येईल.

*२. हालचाल.* जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार ५ ते १७ वयाच्या मुलांनी दररोज सरासरी किमान ६० मिनिटे मध्यम ते तीव्र स्वरूपाची हालचाल करावी. डोंगरपाड्यावरच्या मुलाला हे सांगावे लागत नाही. पाणी, लाकूडफाटा आणि चढ-उतार त्याच्याकडून ती करवून घेतात. शिक्षणासाठी तोच मुलगा तालुक्याच्या गावी आला की अंतरे रिक्षाने कापली जातात, खेळाचा तास गणिताला दिला जातो आणि संध्याकाळ शिकवणीत जाते. मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते. पाळी सुरू झाल्यावर ‘आता मोठी झालीस’ या एका वाक्याने तिचे मैदान बंद होते.

*३. पडदा.* मोबाइल किंवा दूरदर्शनसमोर जेवताना आपण किती खाल्ले, याचे भान सुटते. बसण्याचे तास वाढतात आणि खाद्यपदार्थांच्या जाहिराती अवेळी भूक जागवतात.

*४. झोप.* किशोरवयीनांना ८ ते १० तास झोप आवश्यक असते. या वयात झोप येण्याची नैसर्गिक वेळच उशिरा सरकते. शाळेची घंटा मात्र सरकत नाही. अपुऱ्या झोपेमुळे भूक वाढवणारे ‘घ्रेलिन’ हे संप्रेरक वाढते आणि तृप्तीची सूचना देणारे ‘लेप्टिन’ घटते.

यांखेरीज आनुवंशिकता, काही आजार आणि मानसिक ताण यांचाही वाटा असतो. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातही अतिस्थौल्याची कारणे सांगताना गुरू व मधुर आहार आणि व्यायामाचा अभाव यांच्या जोडीने बीजस्वभाव, म्हणजे आनुवंशिक प्रकृती, नोंदविली आहे. केवळ खादाडपणाला दोष देणे हे प्राचीन वैद्यकालाही मान्य नव्हते.

आता एक उदाहरण कल्पून पाहा. शहाद्यातील नववीची विद्यार्थिनी पहाटे शिकवणीला जाते, डब्याला वेळ नसल्याने दहा रुपयांचे पाकीट खाते, सायंकाळी पुन्हा शिकवणीला जाते आणि रात्री अकराला झोपते. शिकवणी, खाऊचे पैसे, बंद झालेले मैदान, लवकरची घंटा – यांतले तिने काय निवडले? तिच्या बाबतीत ‘शैली’चा पहिला अर्थच खरा ठरतो : भोवतालाने अंगवळणी पाडलेले वर्तन. आणि वळण पाडणाऱ्यांत आपणही आहोत.

भाषेची जबाबदारी

तान्ह्या मुलाला आपण ‘गुटगुटीत’ म्हणतो, त्याने बाळसे धरले म्हणून आनंदतो. तेच शरीर तेराव्या वर्षी ‘जाड्या’ आणि ‘भोपळा’ होते. ‘तो लठ्ठ आहे’ आणि ‘त्याचे वजन वाढले आहे’ या वाक्यांची रचना ताडून पाहा. पहिल्या वाक्यात विशेषण व्यक्तीला चिकटते, ती तिची ओळख होते. दुसऱ्यात वाढले आहे ते वजन. वाढलेले बदलू शकते, ही शक्यता क्रियापदातच शिल्लक राहते. टोमण्याने वजन उतरत नाही. मूल चारचौघांत खेळणे टाळते, चोरून खाते आणि समस्या वाढते.

किशोरांच्या वजनाचा निर्णय नजरेने करू नये. वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा निर्देशांक वय व लिंग यांनुसार तक्त्याशी ताडावा लागतो, आणि ते काम आरोग्यकेंद्रातील डॉक्टरांचे. वाढत्या वयात उपासही करवू नयेत. एकट्या मुलाला वेगळे ताट देण्याऐवजी घराचे जेवण, झोपेची वेळ आणि संध्याकाळचा एक तास बदलावा.

समारोप

तुमच्यापैकी अनेक जण स्वतः पालक आहात, काही शिक्षकही असाल. ‘जीवनशैली बदल’ असे मुलाला सांगण्यापूर्वी त्याला निवडीसाठी पर्याय मिळतात का, हे पाहणे आपले काम आहे.

स्वयंअध्ययनासाठी प्रश्न

१. ‘शैली’ या शब्दाच्या दोन अर्थांच्या आधारे ‘जीवनशैली’ ही संज्ञा स्पष्ट करा.
२. तुमच्या परिसरातील एका किशोरवयीन मुलाची किंवा मुलीची दिनचर्या लिहा व तिच्यातील स्वतःच्या निवडी अधोरेखित करा.
३. तुमच्या बोलीत कृश आणि स्थूल शरीरासाठी असलेले शब्द गोळा करा. त्यांतील गौरवाचे व हिणवण्याचे शब्द वेगळे करा.