गडद रंगाच्या मोटारींवरील सूक्ष्म ओरखडे व निवारक द्रव्यांची निवड : धाराशिव जिल्ह्याच्या संदर्भात

प्रस्तावना :

मध्यमवर्गीय कुटुंबाच्या दृष्टीने घराखालोखाल मोठा खर्च म्हणजे मोटारीची खरेदी होय. त्यामुळे तिच्या बाह्यरूपाविषयी मालक दक्ष असतो. विशेषतः काळ्या, गडद निळ्या अथवा गडद तपकिरी रंगाची मोटार घेणाऱ्यास काही महिन्यांतच एक अनुभव येतो. सावलीत आरशासारखी भासणारी मोटार उन्हात उभी केली की तिच्या बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या असंख्य बारीक वर्तुळाकार रेषा दिसू लागतात. वाहन व्यवसायात या रेषांना ‘स्वर्ल मार्क’ असे संबोधले जाते. त्या घालविण्यासाठी बाजारात अनेक द्रव्ये उपलब्ध असून त्या सर्वांवर ‘चमक’ हा एकच शब्द छापलेला असतो. प्रत्यक्षात त्यांतील काही द्रव्ये ओरखडे काढतात, काही ते केवळ झाकतात, तर काहींचा ओरखड्यांशी संबंधच नसतो. चुकीच्या निवडीने केवळ पैसा वाया जातो असे नाही, तर रंगाचा संरक्षक थर कायमचा झिजतो. प्रस्तुत लेखात या ओरखड्यांचे स्वरूप, धाराशिव जिल्ह्यातील त्यांची कारणे आणि द्रव्यनिवडीचा शास्त्रीय क्रम यांचा विचार केला आहे.

१. रंगाच्या थरांची रचना :

आधुनिक मोटारीचा रंग हा एकच थर नसतो. पोलादी पत्र्यावर प्रथम गंजरोधक थर, त्यावर प्रायमर, त्यावर मूळ रंगाचा थर आणि सर्वांत वर ‘क्लिअर कोट’ हा पारदर्शक थर असतो. या सर्वांची एकत्रित जाडी सामान्यतः १०० ते १५० मायक्रॉन एवढी असते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्यांपैकी पारदर्शक थर साधारणपणे ३५ ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे मानवी केसाच्या जाडीहूनही बहुधा कमी असतो. मोटारीची झळाळी याच थरावर अवलंबून असते आणि सूर्याच्या अतिनील किरणांपासून मूळ रंगाचे रक्षणही हाच थर करतो.

जाळीदार ओरखडे बहुतांशी या पारदर्शक थराच्या वरच्या एक-दोन मायक्रॉनमध्येच असतात. म्हणूनच ते काढणे शक्य होते. परंतु ‘काढणे’ याचा अर्थ येथे नीट समजून घेतला पाहिजे. ओरखडा भरून येत नाही. त्याच्या तळाच्या पातळीपर्यंत सभोवतालचा पृष्ठभाग घासून सपाट केला जातो. पॉलिशच्या एका फेरीत सामान्यतः एक ते तीन मायक्रॉन थर जातो. मोटारीच्या संपूर्ण आयुष्यात मिळून सात-आठ मायक्रॉनपेक्षा अधिक थर काढू नये, असा सावधगिरीचा संकेत आहे. दरवर्षी दसऱ्याला दोन मायक्रॉन घासले, तर चार वर्षांतच ही मर्यादा गाठली जाते. क्लिअर कोट ही अशी शिल्लक आहे की, तीतून केवळ खर्च होतो. भर कधीच पडत नाही.

२. गडद रंगावर ओरखडे ठळक दिसण्याचे कारण :

या घटनेमागील भौतिकशास्त्र घरातील स्टीलच्या ताटावरून समजून घेता येते. रोज घासलेल्या ताटात विजेच्या दिव्याचे प्रतिबिंब पाहिल्यास त्या प्रतिबिंबाभोवती बारीक वर्तुळे दिसतात. ताट स्थिर ठेवून डोके हलविले की वर्तुळांचे केंद्रही सरकते. याचा अर्थ चरे मुळात वर्तुळाकार नसतात. ते सर्व दिशांना पसरलेले असतात. प्रत्येक चर प्रकाश आपल्या लांबीच्या काटकोनात परावर्तित करतो. त्यामुळे प्रतिबिंबाभोवती ज्या चऱ्यांची दिशा स्पर्शिकेसारखी असते, त्यांचाच प्रकाश डोळ्यापर्यंत पोहोचतो आणि वर्तुळाचा आभास निर्माण होतो. मोटारीच्या बॉनेटवर सूर्यप्रतिबिंबाभोवती हेच घडते.

पांढऱ्या मोटारीवरही तितकेच ओरखडे असतात. परंतु पांढरा रंग स्वतःच सर्व दिशांना भरपूर प्रकाश विखुरतो व त्या उजेडात चऱ्यांचा क्षीण प्रकाश लोपून जातो. काळा रंग आत शिरलेला जवळजवळ सर्व प्रकाश शोषून घेतो. त्या काळ्या पार्श्वभूमीवर चऱ्यांनी विखुरलेला अल्प प्रकाशही उठून दिसतो. थोडक्यात, गडद रंग अधिक नाजूक असतो असे नव्हे. तो दोष अधिक स्पष्टपणे दाखवितो.

३. धाराशिव जिल्ह्यातील विशेष कारणे :

बालाघाटच्या डोंगररांगा व पठारावर वसलेला धाराशिव जिल्हा अवर्षणप्रवण म्हणून ओळखला जातो. येथील भूपृष्ठ बेसाल्ट खडकाचे असून त्यापासून बनलेली काळी माती हे जिल्ह्याचे वैशिष्ट्य होय. काळ्या मातीतील चिकणमातीचे कण मऊ असतात. मात्र रस्त्यावरील धुळीत खडीचा चुरा व बारीक वाळू मिसळलेली असते. बेसाल्टमधील खनिजे पारदर्शक थरातील बहुलकापेक्षा कितीतरी कठीण असतात. सोलापूर-तुळजापूर-धाराशिव मार्गावर किंवा नळदुर्ग-उमरगा मार्गावर प्रवास करून आलेल्या मोटारीवर या मिश्र धुळीचा थर बसतो. सकाळी कोरड्या फडक्याने तो झटकून पुसणे म्हणजे अतिशय बारीक पॉलिशपेपरने रंग घासण्यासारखेच होय. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल वाळून त्याची खपली बनते. ती न भिजवता खरवडल्यास अधिक खोल चरे पडतात.

दुसरे कारण पाण्याचे आहे. भारतीय मानक १०५०० नुसार पिण्याच्या पाण्याच्या एकूण कठीणपणाची स्वीकार्य मर्यादा प्रतिलिटर २०० मिलिग्रॅम आणि पर्यायी स्रोत नसल्यास ६०० मिलिग्रॅम आहे. बेसाल्टमधील कूपनलिकांचे पाणी पुष्कळदा कठीण असते. असे पाणी तापलेल्या पत्र्यावर वाळले की क्षारांचे पांढरे डाग उरतात आणि ते काढण्यासाठी जोर लावून घासले असता नवे ओरखडे पडतात. घरगुती आरओ यंत्रातून वाहून जाणारे पाणी मोटार धुण्यास वापरण्याची पद्धत काटकसरीची वाटते. तथापि त्या पाण्यात क्षार अधिक एकवटलेले असल्याने गडद मोटारीसाठी ते अयोग्य ठरते.

४. उपलब्ध द्रव्यांचे वर्गीकरण :

कार्याच्या दृष्टीने या द्रव्यांचे पुढील चार वर्ग करता येतात.

(अ) रबिंग कंपाउंड : यात ॲल्युमिनियम ऑक्साइडसारखे अपघर्षक कण असतात. मुख्यतः नव्याने रंग दिल्यानंतर पॉलिशपेपरच्या खुणा काढण्यासाठी ते गॅरेजमध्ये वापरले जाते. त्याची घासण्याची शक्ती मोठी असून गडद रंगावर ते स्वतःचाच धूसरपणा मागे ठेवते. त्यामुळे त्यानंतर बारीक पॉलिश करणे अपरिहार्य ठरते.

(आ) पॉलिश : यातही अपघर्षक असतात, परंतु ते अधिक सूक्ष्म असतात. काही पॉलिशमधील कण घासताना फुटून अधिक बारीक होत जातात, तर काहींमधील कण आरंभापासूनच अतिसूक्ष्म व एकसारखे असतात. जाळीदार ओरखड्यांवरील खरा उपाय याच वर्गात आहे.

(इ) ग्लेझ व भरणद्रव्ये : यातील तेले व भरणपदार्थ चऱ्यांत बसून त्यांच्या कडा लपवितात. परिणाम तत्काळ व नेत्रदीपक असतो. मात्र काही धुण्यांनंतर ओरखडे पुन्हा प्रकटतात. जुनी मोटार विकण्यापूर्वी असा लेप दिलेला असल्यास खरेदीदाराची दिशाभूल होऊ शकते.

(ई) वॅक्स, सीलंट व सिरॅमिक कोटिंग : कार्नोबा मेणापासून सिलिकायुक्त लेपांपर्यंत सर्व संरक्षक द्रव्ये यात येतात. शुद्ध स्वरूपात ती ओरखडे काढत नाहीत. ओरखडे न काढता कोटिंग केल्यास दोष त्याखाली तसेच राहतात.

मोटारीच्या पॉलिशचा उगम लाकडी फर्निचरच्या पॉलिशशी जोडलेला आहे. अमेरिकेतील मेग्वायर्स या कंपनीचा आरंभ १९०१ मध्ये फर्निचर पॉलिशपासून झाला व पुढे ती मोटारींच्या पॉलिशकडे वळली. २००८ मध्ये थ्रीएम या कंपनीने ती विकत घेतली. अशा कंपन्यांच्या मालिकांत वरील चारही वर्गांची द्रव्ये असतात. म्हणून नाममुद्रेपेक्षा द्रव्याचा वर्ग पाहणे महत्त्वाचे ठरते.

५. निवडीचा क्रम :

‘सर्वांत सौम्य उपाय प्रथम’ हे या निवडीचे मूलतत्त्व होय. प्रथम मोटार स्वच्छ धुऊन रंगाला चिकटलेले कण क्ले बारने, भरपूर ओलावा ठेवून, काढावेत. त्यानंतर ओरखड्यावरून नख अलगद फिरवावे. नख अडकत असेल, तर तो ओरखडा पॉलिशने सुरक्षितपणे जाणार नाही असे समजावे. जुन्या किंवा पुन्हा रंगविलेल्या मोटारीच्या बाबतीत आणखी एक परीक्षा आवश्यक आहे. आडोशाच्या जागी थोडे पॉलिश पांढऱ्या फडक्याने घासावे. फडक्यावर मोटारीचा रंग उतरल्यास तेथे पारदर्शक थर नाही, अथवा तो संपला आहे, असा अर्थ होतो. अशा वेळी काम थांबवून जाणकार कारागिराचा सल्ला घ्यावा.

यानंतर सुमारे दीड फूट चौरस भागावर सर्वांत बारीक पॉलिशने प्रयोग करावा. तो भाग पाणी मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून तेलकट लेप काढावा व उन्हात अथवा प्रखर टॉर्चच्या उजेडात पाहावा. ओरखडे पुरेसे गेले असतील तर तेच द्रव्य संपूर्ण मोटारीस वापरावे. नसतील तरच एक पायरी वर जावे. सर्वच रेषा नाहीशा करण्याचा अट्टहास धरू नये. दहांपैकी आठ ओरखडे जाऊन थर शाबूत राहणे, हे सर्व ओरखडे जाऊन थर पातळ होण्यापेक्षा हितकर असते.

द्रव्याइतकीच साधनाची निवडही निर्णायक असते. एकाच अक्षावर वेगाने फिरणारे रोटरी यंत्र झटपट काम करते. परंतु ते उष्णता निर्माण करते आणि अकुशल हातात गडद रंगावर लहरींसारख्या नव्या खुणा उमटविते. फिरता फिरता कंप पावणारे ड्युअल ॲक्शन यंत्र व फोमचा पॅड नवशिक्यास अधिक सुरक्षित असतो. दरवाजांच्या कडा व बॉनेटच्या उंचवट्यांवर थर पातळ असल्याने तेथे यंत्राचा दाब टाळावा. एप्रिल-मे महिन्यांत काम सकाळी व सावलीतच करावे. तापलेल्या पत्र्यावर द्रव्य लगेच वाळते.

६. पुनरुद्भव आणि पाण्याचा प्रश्न :

ओरखडे काढूनही धुण्याची पद्धत तीच राहिली, तर काही आठवड्यांत जाळी पुन्हा दिसू लागते. येथे धाराशिवकरांपुढे खरा पेच उभा राहतो. शेजारच्या लातूर शहरास एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, ही आठवण या भागात अद्याप ताजी आहे. मोटार चकाकावी म्हणून नळी सोडून ठेवणे अशा प्रदेशात समर्थनीय नाही. नळीतून मिनिटाला १० लिटर पाणी येत असेल, तर २० मिनिटांत २०० लिटर पाणी जाते. याउलट साबणाची एक व स्वच्छ पाण्याची एक, अशा १५ लिटरच्या दोन बादल्यांत ३० लिटरमध्ये काम भागते. कापडातील कण प्रत्येक वेळी दुसऱ्या बादलीत सोडले जात असल्याने ओरखडेही कमी पडतात. हलक्या धुळीसाठी पुन्हा विसळावे न लागणारी ‘रिन्सलेस’ द्रव्ये एकाच बादलीत वापरता येतात. चिखलाच्या बाबतीत मात्र तो आधी भिजवून, सैल करून ओघळू देणे आवश्यक आहे. पुसण्यासाठी जाड मायक्रोफायबर कापड वापरावे व ते जमिनीवर पडल्यास धुतल्याशिवाय पुन्हा वापरू नये. पाणी मोजके असो वा मुबलक, धुळीवर कोरडे फडके फिरवू नये, हा नियम सर्वांत महत्त्वाचा होय.

समारोप :

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल की, गडद मोटारीवरील ओरखडे ही द्रव्याच्या अभावातून नव्हे, तर हाताळणीच्या सवयीतून उद्भवणारी समस्या आहे. द्रव्य निवडताना ते काढणारे, झाकणारे की राखणारे आहे, हा प्रश्न प्रथम विचारला पाहिजे. काढणारे द्रव्य शक्य तितके सौम्य व क्वचित वापरावे, झाकणाऱ्या द्रव्यास उपाय समजू नये आणि राखणारे द्रव्य सर्वांत शेवटी लावावे. खंडेनवमी-दसऱ्याला वाहनाची पूजा करणाऱ्या समाजात वाहनाविषयीचा जिव्हाळा मुळातच आहे. त्या जिव्हाळ्याला या विवेकाची जोड मिळाल्यास क्लिअर कोट आणि पाणी, या दोन्ही मर्यादित साठ्यांचे जतन होऊ शकेल.