कोपऱ्यातली दोन माणसं

सोनगीर असो, धुळे असो की जळगाव. कबड्डीचा सामना संपला की लोकांच्या तोंडी नाव असतं चढाईपटूचं. तीन गडी टिपून मध्यरेषेवर झेपावलेला पोरगा सगळ्यांना आठवतो. सामना मात्र अनेकदा कोपऱ्यांत वाकून उभ्या असलेल्या दोघांनी फिरवलेला असतो.

सात जणांच्या बचावात दोन्ही कडांना कोपरारक्षक, त्यांच्या आत मध्यरक्षक, आणि हातात हात गुंफून तयार झालेली साखळी. कोपरारक्षकाने घोटा धरला की त्याच क्षणी मध्यरक्षकाने अंगावर जाऊन परतीची वाट बंद करायची. जरा उशीर झाला, चढाईपटूने मध्यरेषा गाठली, की झटापटीत त्याला भिडलेले सगळे बाद! एकाच्या उतावळेपणाची किंमत तिघे-चौघे मोजतात. संयमाचं फळही तितकंच मोठं. लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या, तर तिसरीत चढाईपटूला गुण आणावाच लागतो, नाहीतर तो बाद. मैदानात तीन किंवा त्याहून कमी गडी उरले असताना पकड झाली, तर एक जादा गुण. हीच अव्वल पकड.

प्रो कबड्डीत 2015 साली यू मुंबाने विजेतेपद मिळवलं, तेव्हा डाव्या कोपऱ्यात सुरेंदर नाडा आणि उजव्यात मोहित छिल्लर होते. पुढे ही जोडी बेंगळुरू बुल्सकडून आणि नंतर हरयाणा स्टीलर्सकडूनही एकत्रच खेळली. दहाव्या हंगामात पुणेरी पलटणने पहिल्यांदा चषक उचलला. 1 मार्च 2024 च्या अंतिम सामन्यात त्यांनी हरयाणाला 28-25 असं रोखलं. त्या हंगामात पलटणच्या मोहम्मदरेझा शादलूने पकडींचे 99 गुण मिळवले होते. पुढच्या हंगामात तो हरयाणाकडे गेला आणि 29 डिसेंबर 2024 रोजी चषक हरयाणाने जिंकला. हा निव्वळ योगायोग मानणं कठीण आहे.

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्ये चेंडू फेकणाऱ्याला वाचवणारी पाच जणांची फळी असते. 2015 पासून तिथे सर्वोत्तम फळीला जो मूर पुरस्कार मिळतो. तो एका खेळाडूला नव्हे, सबंध फळीला देतात. आपल्या साखळीलाही असा मान मिळायला हवा.

कॉलेज संघाची अडचण वेगळीच. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या क्षेत्रात जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे जिल्हे येतात. इथे काय किंवा दुसऱ्या कुठल्या विद्यापीठात काय, पदवी झाली की खेळाडू बाहेर पडतो आणि संघ बदलतो. चढाईचं कसब मुलगा गावच्या मैदानावरून घेऊन येतो. साखळीची समज मात्र शेजारच्या गड्यासोबत खेळूनच येते. म्हणून निवड चाचणीत कोपरारक्षक आणि मध्यरक्षक जोडीने पारखावेत. तिसऱ्या वर्षाच्या कोपरारक्षकाशेजारी पहिल्या वर्षाचा मुलगा उभा करून सराव घ्यावा, कारण पुढच्या वर्षी तो कोपरा त्यालाच सांभाळायचा असतो.