टेबलावरची रेल्वे घाट का चढत नाही? समजून घ्या चढाचे आणि बोगद्याचे गणित

जाफराबादला रेल्वे स्टेशन नाही. गाडीसाठी जालना गाठावे लागते. २०२४ मध्ये मंजूर झालेला १७४ किलोमीटरचा जालना-जळगाव मार्गही शेजारच्या भोकरदन तालुक्यातून जाणार आहे. घरातल्या टेबलावर रेल्वे आणायला मात्र मंजुरी नको, गणित हवे. बहुतेकांचा घाट तिथेच फसतो.

बोर घाटाचा चढ ३७ ला १ आहे, म्हणजे ३७ फूट पुढे गेल्यावर १ फूट उंची. तिथेही गाडीला मागून जादा इंजिने लावतात. खऱ्या गाडीच्या ८७ पट लहान असलेल्या 'एचओ' मापात एका रुळावरून दुसरा न्यायला साधारण साडेसात सेंटिमीटर उंची लागते. बोर घाटाइतका चढ धरला तरी नुसते चढायलाच नऊ फूट गेले! सहा फुटी टेबलावर ते सरळ बसत नाहीत, म्हणून रूळ कडेकडेने वळवून न्या. वळणावर चाके जास्त घासतात, तिथे चढ आणखी कमी ठेवा. चढाची सुरुवातही हळूहळू हवी. एकदम उचलला की डबे सुटतात.

बोगदा त्यामानाने सोपा. पुठ्ठ्याच्या पट्ट्यांची जाळी, आत रद्दीचे बोळे, वरून प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये बुडवलेले कापड. पण चिकटवण्याआधी सर्वांत लांब डबा हाताने आतून फिरवून बघा. वळणावर डब्याची टोके बाहेर सरकतात आणि भिंतीला अडतात. डोंगरही उचलून बाजूला ठेवता येईल असाच करा, कारण घसरलेली गाडी आतून काढायची असते.

चालते मॉडेल बघायचे असेल तर पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेले लघुरेल्वे संग्रहालय १९९८ पासून खुले आहे.