दशगजाच्या अलीकडे-पलीकडे : भारत-नेपाळ सीमेवरील प्रवेशाचे नियम

भारत आणि नेपाळ यांच्यातील सीमा सुमारे १,७५१ किलोमीटर लांब आहे. उत्तराखंड, उत्तर प्रदेश, बिहार, पश्चिम बंगाल आणि सिक्कीम ही पाच भारतीय राज्ये तिला लागून आहेत. पूर्वेला मेची आणि पश्चिमेला महाकाली या नद्यांनी तिचा काही भाग आखला आहे. तराईच्या सपाटीवर मात्र ती शेतांमधून, आमराईतून, काही ठिकाणी थेट वस्तीतून जाते. तेथे तिची खूण म्हणजे सीमाखांब आणि खांबांच्या दोन्ही अंगांना मोकळी सोडलेली दहा-दहा यार्डांची पट्टी. या पट्टीला स्थानिक लोक दशगजा म्हणतात.

दोन्ही देशांचे नागरिक ही रेषा पासपोर्ट आणि व्हिसाशिवाय ओलांडू शकतात. ‘खुली सीमा’ म्हटल्यावर जे चित्र उभे राहते ते मात्र अर्धेच खरे आहे. मोकळीक माणसाला आहे, आणि तीही याच दोन देशांच्या नागरिकाला. त्याच्या खिशातल्या नोटा, त्याची गाडी, पिशवीतला माल आणि तो ज्या वाटेने आला ती वाट, या प्रत्येकाला वेगळा नियम लागतो.

या सीमेचा पाया इंग्रज-गोरखा युद्धानंतरच्या सुगौली तहाने घातला. तहाचा मसुदा डिसेंबर १८१५ मधला, मान्यता मार्च १८१६ मधली. कुमाऊं, गढवाल आणि तराईचा मोठा पट्टा नेपाळने गमावला; त्यातला काही भाग त्याच वर्षाअखेरीस परत मिळाला. पश्चिमेकडील बांके, बर्दिया, कैलाली आणि कंचनपूर हे मुलूख परत मिळायला १८६० साल उजाडले. सत्तावन्नच्या उठावात नेपाळचे सत्ताधारी जंगबहादूर राणा इंग्रजांच्या बाजूने उभे राहिले, त्याचे ते बक्षीस होते. मराठी इतिहासाचा एक धागा याच काळात या सीमेपाशी येतो. उठाव मोडल्यावर नानासाहेब पेशवे उरलेल्या सोबत्यांसह नेपाळच्या तराईत शिरले. त्यांना रोखायला रेषेवर कुंपण नव्हते. पलीकडचे हिवतापाचे जंगल मात्र कोणत्याही चौकीपेक्षा कडक होते.

सीमा मोकळी ठेवण्यात दोन्हीकडच्या सत्तांचा स्वार्थ होता. इंग्रजांना गोरखा पलटणींसाठी जवान हवे होते आणि आपल्या मालाला बाजारपेठ हवी होती. नेपाळच्या राणा शासकांना तराईचे जंगल तोडून शेती करणारी माणसे हवी होती, आणि ती बिहार-अवधमधून येत होती. काठमांडू खोऱ्याची गोष्ट निराळी. राणा राजवटीत तराईतून वर खोऱ्याकडे जायला ‘राहदानी’ म्हणजे प्रवासाचा परवाना लागे. शिवरात्रीला पशुपतिनाथाच्या यात्रेकरूंपुरती ही अट सैल होई. म्हणजे तेव्हा खरी तपासणी देशाच्या सीमेवर नव्हती, राजधानीच्या वाटेवर होती. त्रिभुवन राजपथ होईपर्यंत काठमांडू सपाटीशी मोटाररस्त्याने जोडलेलेच नव्हते. नेपाळच्या पूर्वेकडून पश्चिमेकडे जाणारा माणूसही भारतात उतरून रेल्वेने प्रवास करी आणि पुन्हा नेपाळात शिरे. अशा मुलखात सीमेवर कागद मागणे कोणालाच परवडणारे नव्हते.

या वहिवाटीला कायद्याचा आधार मिळाला तो ३१ जुलै १९५० च्या शांतता आणि मैत्री करारातून. काठमांडूत झालेल्या या करारावर नेपाळतर्फे पंतप्रधान मोहन शमशेर आणि भारतातर्फे राजदूत चंद्रेश्वर प्रसाद नारायण सिंह यांनी सह्या केल्या. सातव्या कलमानुसार निवास, मालमत्ता, व्यापार आणि संचार या बाबतींत दोन्ही देशांनी परस्परांच्या नागरिकांना सारख्या सवलती द्यायच्या आहेत. सीमेवर पासपोर्ट मागू नये, असे मात्र त्यात कोठेही लिहिलेले नाही. कराराची भाषा आणि प्रत्यक्ष व्यवहार यांत इतरत्रही अंतर आहे. नेपाळच्या कायद्यानुसार भारतीयाला तेथे जमीन घेता येत नाही. भारतात आयएएस आणि आयपीएससारख्या काही सेवा वगळता केंद्र सरकारच्या अनेक पदांसाठी नेपाळी नागरिक पात्रता प्रमाणपत्र घेऊन अर्ज करू शकतो.

ओळखपत्राची सक्ती प्रथम आली ती विमानतळावर. २४ डिसेंबर १९९९ रोजी काठमांडूहून दिल्लीला निघालेल्या इंडियन एअरलाइन्सच्या विमानाचे अपहरण होऊन ते कंदाहारला नेण्यात आले. पुढच्या वर्षी, ऑक्टोबर २००० पासून, दोन्ही देशांमधील हवाई प्रवासासाठी ठरावीक ओळखपत्रे बंधनकारक झाली. भारतीय प्रौढासाठी ती दोनच आहेत : वैध पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचे मतदार ओळखपत्र. पंधरा वर्षांखालील मुले आणि पासष्टीपुढील ज्येष्ठ यांना वय व ओळख पटवणारे दुसरे छायाचित्रयुक्त कागदपत्र चालते. जानेवारी २०१९ पासून त्यांच्यासाठी आधार कार्डही ग्राह्य धरले जाते. पंधरा ते अठरा वयोगटासाठी शाळेच्या मुख्याध्यापकांनी विहित नमुन्यात दिलेला दाखला पुरतो. मधल्या वयाच्या प्रवाशाचे आधार कार्ड मात्र विमान कंपनीच्या काउंटरवर चालत नाही, आणि गैरसमज नेमका इथेच होतो. देशांतर्गत विमानाला जे कार्ड पुरते ते काठमांडूलाही पुरेल, असे धरून निघालेल्याला परत फिरावे लागते.

नेपाळी नागरिकाला नेपाळमधून भारतात येताना व्हिसा लागत नाही. तोच नागरिक तिसऱ्या देशातून भारतात उतरला तर पासपोर्ट आवश्यक ठरतो. चीन किंवा पाकिस्तानमधून आला तर व्हिसाही. भारतीयांना याची उलट बाजू कैलास-मानसरोवरच्या यात्रेत कळते. काठमांडूपर्यंत मतदार कार्डावर पोहोचता येते, पण तिबेटच्या हद्दीत पाऊल टाकायचे तर पासपोर्ट आणि चीनचा व्हिसा दोन्ही हवेत. इतर देशांच्या नागरिकांना तर ही सीमा खुली नाहीच. सुनौली, रक्सौल, बनबसा अशा नेमून दिलेल्या नाक्यांवरूनच आणि व्हिसा घेऊनच त्यांना ये-जा करता येते.

जमिनीवरून जाणाऱ्याला नेपाळमध्ये पहिला कागद करावा लागतो तो बहुधा गाडीचा. नेपाळी सीमाशुल्काला भन्सार म्हणतात. भारतीय क्रमांकाची गाडी नेत असताना भन्सार कार्यालयात दिवसागणिक शुल्क भरून परवाना घ्यावा लागतो, आणि खासगी गाडी वर्षात एकूण तीस दिवसच ठेवता येते. पैशाचा नियम अधिक जाचक ठरला. १९९३ पासून एका भारतीय रुपयाला १.६० नेपाळी रुपये हा दर बांधलेला आहे, त्यामुळे तराईतल्या दुकानांत भारतीय नोटा सर्रास चालत आल्या. डिसेंबर २०१८ मध्ये नेपाळने शंभर रुपयांहून मोठ्या भारतीय नोटांवर बंदी घातली आणि पाचशेची गड्डी घेऊन निघालेल्या यात्रेकरूंची पंचाईत झाली. मालाची झडती त्याहून सूक्ष्म आहे. शंभर नेपाळी रुपयांहून अधिक किमतीच्या वस्तूंवर भन्सार भरावा लागेल, हा जुना नियम २०२३ मध्ये काटेकोरपणे लागू होऊ लागला तेव्हा मधेशात, म्हणजे तराईच्या पट्ट्यात, निदर्शने झाली. भारताच्या बाजारातून किराणा आणि कपडे आणणे हा तिकडचा रोजचा व्यवहार आहे. रोटीबेटीचे संबंध असलेल्या घरांना तर लग्नाचा बस्ताही पलीकडूनच आणायचा असतो.

मोकळिकीचा सर्वांत मोठा वापर यात्रेकरू करत नाहीत, मजूर करतात. रत्नागिरीच्या हापूसच्या बागांत राखणीला आणि मिरकरवाडा बंदरातल्या मच्छीमार नौकांवर खलाशी म्हणून नेपाळी माणसे वर्षानुवर्षे येत आहेत. मुंबईच्या सोसायट्यांचे पहारेकरी तर जुनेच. यांच्यापैकी कोणालाही कामासाठी व्हिसा काढावा लागत नाही. याच वाटेने माणसांचा व्यापारही चालला. १९९६ मध्ये मुंबईतल्या कुंटणखान्यांवरील छाप्यांत शेकडो मुलींची सुटका झाली आणि त्यांत नेपाळी मुली मोठ्या संख्येने होत्या. माइती नेपाळसारख्या संस्थांनी त्यांना परत नेले. सीमेच्या नाक्यांवर उभे राहून संशयास्पद प्रवास हेरण्याचे काम या संस्था आजही करतात. पासपोर्टच्या नोंदी नसलेल्या सीमेवर बहुतेक वेळा माणसाची नजर हाच पुरावा असतो.

भारताच्या बाजूने २००१ पासून ही सीमा सशस्त्र सीमा बलाकडे आहे. कोविडच्या काळात, मार्च २०२० मध्ये, दोन्ही देशांनी ती बंद केली. धारचुल्याच्या पुलापाशी परतणारे नेपाळी मजूर अडकून पडले, आणि काहींनी महाकाली पोहून पलीकडचा काठ गाठला.

भूतानचा दाखला येथे उपयोगी पडतो. तेथेही भारतीयाला व्हिसा लागत नाही, परंतु पासपोर्ट किंवा मतदार कार्ड दाखवून प्रवेश परवाना घ्यावा लागतो, आणि सप्टेंबर २०२२ पासून पर्यटकाला दर रात्री १,२०० रुपये शाश्वत विकास शुल्क द्यावे लागते. नेपाळ सीमेवर अशी नोंद ठेवावी का, हा वाद जुना आहे. १९५० च्या कराराचा फेरविचार करण्यासाठी २०१६ मध्ये दोन्ही देशांच्या मान्यवरांचा गट नेमला गेला. भारताच्या बाजूने त्याचे नेतृत्व करणारे भगतसिंह कोश्यारी नंतर महाराष्ट्राचे राज्यपाल झाले. नेपाळच्या बाजूने भेखबहादुर थापा होते. गटाने २०१८ मध्ये अहवाल पूर्ण केला, पण तो दोन्ही पंतप्रधानांना सादर होण्याचा मुहूर्त लांबतच गेला. सीमेचे नियमन हा त्यातला कळीचा मुद्दा मानला जातो.

१ सप्टेंबर २०२५ रोजी भारतात परदेशी नागरिकांविषयीचे जुने कायदे रद्द होऊन नवा इमिग्रेशन अँड फॉरेनर्स ॲक्ट लागू झाला. त्याच दिवशीच्या सूट-आदेशाने नेपाळ आणि भूतानच्या सीमेवरून येणाऱ्या भारतीयांची व त्या देशांच्या नागरिकांची पासपोर्ट-व्हिसातून असलेली सवलत कायम ठेवली. आठवडाभरात काठमांडूत तरुणांच्या आंदोलनाने सरकार कोसळले, तुरुंग फुटले आणि हजारो कैदी पळाले. सशस्त्र सीमा बलाने त्यांतल्या अनेकांना सीमेवर पकडले. त्या दिवसांत दोन्हीकडे अडकलेल्या नागरिकांना ओळखपत्र पाहूनच घरी सोडले जात होते.