टर्बोच्या हवेची वाट

पनवेल मागे टाकून जुन्या मुंबई-पुणे हमरस्त्याने खोपोलीकडे निघालेल्या प्रवाशास वाटेत चौक हे खालापूर तालुक्यातील गाव लागते; येथून एक फाटा कर्जतकडे वळतो आणि पुढे बोरघाटाची चढण उभी असते, त्यामुळे अवजड वाहनांची जी अखंड रांग या गावावरून जाते, तीतील बहुतेक नव्या मालमोटारींच्या पुढ्यात, रेडिएटरच्या शेजारी, इंटरकूलर बसविलेला असतो. कारखान्यातून सिद्ध होऊन येणारी ही योजना आपल्या जुन्या पेट्रोल मोटारीत स्वहस्ते उतरवावी, अशी आकांक्षा बाळगणाऱ्या तरुणाने टर्बो आणि इंटरकूलर कुर्ल्याच्या भंगारातून कसेबसे पैदा केले, तरी या दोहोंना इंजिनाशी जोडणाऱ्या नळ्यांपाशी त्याचा हिशेब अडतो, कारण बाजारातील तयार संचाची किंमत त्याच्या ऐपतीबाहेर असते. माझ्या मते हा खर्च खुशाल आटोक्यात आणावा. मात्र जी काटकसर करावयाची ती नळीत करावी, सांध्यात करू नये.

स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने १९०५ साली ज्या कल्पनेचे पेटंट घेतले, तिचे सार असे की, सायलेन्सरवाटे वाया जाणाऱ्या धुराच्या जोरावर एक चक्र फिरवावे आणि त्याच दांड्यावरील दुसऱ्या चक्राने ताजी हवा दाबून इंजिनात भरावी. परंतु हवा दाबली की ती तापते. ३० अंशांची हवा वातावरणाच्या दीडपट दाबापर्यंत नेली, तर साधारण ७० टक्के कार्यक्षमतेच्या टर्बोतून ती ८० अंशांहून अधिक तापून बाहेर पडते, आणि कर्जतच्या वैशाखात, जेथे पारा सहज चाळिशी गाठतो, तीच ९५ च्या घरात जाते. तप्त हवा विरळ असते, शिवाय पेट्रोल अवेळी पेटून इंजिन ठोका देऊ लागते. इंटरकूलरने ही हवा ८३ वरून ४५ अंशांवर आणली, तर तेवढ्याच जागेत सुमारे १२ टक्के अधिक हवा मावते. एवढ्यासाठी हा सारा खटाटोप.

हे आकडे ध्यानी ठेवले म्हणजे हार्डवेअरच्या दुकानातील पांढऱ्या पीव्हीसी नळीचा मोह आपोआप नामंजूर होतो, कारण ती ८० अंशांच्या आसपास मऊ पडते. पाण्याची दोन इंची जीआय नळी उष्णतेस टिकेल, पण तिचे वजन मीटरला पाच किलोंच्या आसपास, आणि वेल्डिंग करताना तिच्या जस्ताचा जो धूर निघतो तो श्वासावाटे गेल्यास थंडीताप भरतो. ती वर्ज्यच मानावी. उत्तम आणि स्वस्त पर्याय म्हणजे सायलेन्सरवाल्याकडील दोन इंची साधी लोखंडी नळी, जिचे वजन मीटरला दीड किलो भरते आणि जिचे गोलाई न चेपता वळविलेले बेंडही त्याच्याकडेच मिळतात. जिन्याच्या कठड्यासाठी वापरतात ती स्टेनलेसची नळी व तिचे एल्बो हेही या कामी फार चांगले, आणि कळंबोलीच्या लोखंड बाजारापर्यंत जाण्याची तसदी घेतली तर कापून उरलेले तुकडे वजनावर मिळण्याजोगे असतात. अ‍ॅल्युमिनियम हलके खरे, पण त्यास आर्गन वेल्डिंगचा कसबी कारागीर हवा.

नळीच्या मजबुतीची चिंता येथे अनाठायी आहे. १९१५ पासून चालणाऱ्या टाटांच्या खोपोलीच्या वीजगृहाकडे डोंगरावरून उतरणाऱ्या नळांना पाचशे मीटरांहून उंच पाण्याचा भार सोसावा लागतो. आपल्या नळीवरचा जादा दाब जेमतेम पाच मीटर पाण्याएवढा, आणि तो सव्वा मिलिमीटर पत्रा लीलया पेलतो. व्यासाबाबत मात्र विचार हवा. तेराशे सीसीचे इंजिन मिनिटाला सहा हजार फेऱ्यांवर असता दोन इंची नळीतून हवा ताशी सुमारे शंभर किलोमीटर वेगाने वाहते. दीड इंची नळीत हाच वेग पावणेदोनशेच्या आसपास जातो आणि अडथळा तिपटीहून अधिक होतो. अडीच इंची नळी घेण्याने लाभ नाही, कारण ती दाबाने भरण्यास अधिक हवा लागते. दोन मीटरांची वाट हवा सेकंदाच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी वेळात ओलांडते, म्हणून नळीला उष्णतारोधक पट्ट्या गुंडाळण्यातही पैसा घालवू नये.

खरा प्रश्न सांध्याचा. अर्ध्या बारचा दाब दोन इंची तोंडावर सुमारे दहा किलोंचा जोर लावून रबरी होज ओढून काढू पाहतो, आणि त्याच वेळी इंजिन आपल्या माउंटिंगवर डोलत असते. म्हणून नळीच्या टोकाभोवती, काठापासून थोडे आत, वेल्डिंगचा एक बारीक वेढा घालून तो कानशीने गोल करावा. होज त्याच्या पलीकडे इंचभर सरकवावा आणि क्लिप त्या वेढ्याच्या मागे आवळावी, म्हणजे होज निसटू लागताच क्लिप तेथे अडते. रेडिएटरचा रबरी होज येथे लावू नये, कारण टर्बोतून येणाऱ्या तेलाच्या वाफेने तो फुगून ढिला पडतो. आतून कापडाचे थर असलेला सिलिकॉनचा होज आणि रुंद पट्टीचा टी-बोल्ट क्लॅम्प यांवर सढळ हाताने खर्च करावा. वेल्डिंगचे आत चिकटलेले खडे व गंज जोडणीपूर्वी खरवडून, रॉकेलने धुऊन, कोरड्या फडक्याने पुसून काढणे अनिवार्य आहे, कारण येथून इंजिनापर्यंत मध्ये कोणतीही गाळणी नाही. एअर फिल्टर बंपरखाली नेण्याचीही चूक करू नये. चौकच्या पावसात रस्त्यावरचे पाणी त्यावाटे इंजिनात शिरले तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

कायद्याची बाजू स्पष्ट आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ अन्वये, नोंदणीच्या दस्तऐवजातील तपशील निर्मात्याच्या मूळ नमुन्याहून भिन्न ठरतील असा फेरफार करण्याची मुभा मालकास नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये याच अर्थावर शिक्कामोर्तब केले, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक फेरफारास पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. तेव्हा अशी मोटार बंदिस्त ट्रॅकसाठीच बांधावी. घाटातील रहदारीत ती नेऊ नये, हे मी कळकळीने सांगतो.

जोडणी पुरी झाल्यावर टर्बोच्या तोंडाशी ट्यूबचा व्हॉल्व्ह बसविलेले झाकण लावावे, थ्रॉटलकडील टोक बंद करावे, आणि पंक्चरवाल्याच्या भाषेत सात पौंड हवा भरून प्रत्येक सांध्यावर साबणाचे पाणी सोडावे. झाकणासमोर मात्र कोणी उभे राहू नये. जेथे बुडबुडे उठतील तो सांधा सोडून पुन्हा बसवावा, नुसती क्लिप अधिक आवळून भागवू नये, कारण अरुंद क्लिपचा पट्टा सिलिकॉनमध्ये रुतून त्यास कापतो. पहिल्यांदा इंजिन पूर्ण तापून निवले की होज आपल्या जागी थोडा बसतो व क्लॅम्प सैल होतात. तेव्हा ते सर्व पुन्हा एकदा आवळून घ्यावेत.